मदत हवी आहे: 'ऑन द टेबल' ही फ्रेज नक्की कुठली?

मुलीला इंग्रजी व्याकरण शिकवायला बसले आणि मीच अडकले. फ्रेज म्हणजे पूर्ण वाक्य नसलेला, पण मिळून एक अर्थ देणारा शब्दांचा गट, इथपर्यंत ठीक. पुढे घोळ आहे.

'द बुक ऑन द टेबल इज माइन' यातली 'ऑन द टेबल' अॅडजेक्टिव्ह (विशेषणाचं काम करणारी) फ्रेज, आणि 'पुट द बुक ऑन द टेबल' यातली अॅडव्हर्ब (क्रियाविशेषणाचं काम करणारी) फ्रेज, असं एक पुस्तक सांगतं. दुसरं पुस्तक दोन्हीकडे प्रिपोझिशनल फ्रेज म्हणतं. तेच तीन शब्द, नावं तीन! मुलीला काय सांगू?

दुसरी शंका. 'वॉकिंग अलाँग द रोड, आय सॉ अ डॉग' यात 'वॉकिंग' क्रियापदच ना? मग ही क्लॉज (कर्ता आणि क्रियापद असलेला शब्दगट) का नाही?

प्रतिसाद १
दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. प्रिपोझिशनल हे नाव रचनेवरून पडलं, कारण गटाची सुरुवात 'ऑन' या प्रिपोझिशनने होते. अॅडजेक्टिव्ह किंवा अॅडव्हर्ब ही नावं वाक्यातल्या कामावरून. एकच बाई घरी आई आणि कामावर डॉक्टर असते, तसं.

काम ओळखायला आपली मराठी कामी येते. पहिलं वाक्य मराठीत म्हणून बघा: टेबलावरचं पुस्तक माझं आहे. दुसरं: पुस्तक टेबलावर ठेव. 'चा-ची-चं' लागलं की गट नामाला चिकटलेला, म्हणजे अॅडजेक्टिव्ह फ्रेज. नुसतं 'टेबलावर' क्रियापदाकडे जातं, म्हणजे अॅडव्हर्ब फ्रेज. मराठीत हे सगळं एका शब्दात मावतं, म्हणूनच इंग्रजीतले तीन सुटे शब्द एक गट आहेत हे आपल्या चटकन लक्षात येत नाही.

'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' हे वाक्यही मुलीला द्या. दुर्बिणीतून माणूस पाहिला, की दुर्बीणवाला माणूस पाहिला? इंग्रजी वाक्य दोन्हीकडे झुकतं, मराठीत मात्र आधीच ठरवावं लागतं. मुलांना हा खेळ आवडतो.

प्रतिसाद २
'वॉकिंग'बद्दल. रस्त्यानं चालताना मला कुत्रा दिसला. यातलं 'चालताना' आपण शाळेत धातुसाधित, म्हणजे क्रियापदाच्या धातूपासून बनलेला शब्द, म्हणून शिकलो. नुसतं 'चालताना' म्हणून थांबलात तर ऐकणारा 'पुढे काय?' विचारणार. कर्ता सांगितलेला नाही, आणि काळही त्या शब्दावरून कळत नाही. 'व्हेन आय वॉज वॉकिंग'मध्ये 'आय' हा कर्ता आहे, 'वॉज'ने काळही कळतो, म्हणून ती क्लॉज. शालेय व्याकरणात एवढी खूण पुरते. पुढचे काही व्याकरणकार अशा गटालाही क्लॉजच म्हणतात, पण तिकडे सध्या जाऊ नका.

धागाकर्ती
'चा-ची-चं'ची युक्ती मुलीला लगेच जमली. पण तिनेच पुढचा प्रश्न टाकला: 'ही इज इन अ हरी'. तो घाईत आहे. इथे 'चा' लागत नाही, तरी पुस्तकात अॅडजेक्टिव्ह फ्रेज दिली आहे.

प्रतिसाद १
शाब्बास मुलीची! 'इज'नंतर युक्ती लंगडी पडते. तिथे गटाच्या जागी एक शब्द घालून बघा. 'ही इज बिझी' चालतं, आणि 'बिझी' विशेषण आहे. 'द बुक इज ऑन द टेबल'च्या जागी मात्र 'द बुक इज देअर' बसतं, म्हणून तिथे शालेय पुस्तकं अॅडव्हर्ब फ्रेज म्हणतात. परीक्षेत तिच्या पुस्तकातलंच नाव लिहायला सांगा.