हायडेलबर्गला एक सेमिस्टर: ऑक्टोबरात जावं की एप्रिलात?

माणदेशी_मुक्ता:
नमस्कार. मी एमए इतिहास, पहिलं वर्ष. आमच्या विद्यापीठाचा जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाशी विद्यार्थी देवाणघेवाणीचा करार आहे आणि पुढच्या वर्षी एका सेमिस्टरसाठी विभागाने माझं नाव सुचवलंय. माझा विषय माणदेशातली धनगरांची दैवतं. धनगरांच्या दैवतांवर काम केलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर तिथेच शिकवायचे असं सरांनी सांगितलं, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. पण ऑक्टोबरचं सेमिस्टर घ्यावं की एप्रिलचं हेच ठरत नाही. जर्मन ए२ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत झालंय, तेवढं पुरेल का? आणि घरी नेमका आकडा काय सांगू? डाळिंबाची बाग आहे, दोन वर्षं तेल्या रोगाने हाल केलेत. वडील नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच मला अंदाजपंचे काही सांगायचं नाहीये.

नेकरकाठची:
मुक्ता, अगं पैशांचं आधी घेऊ. मी २०२३ च्या ऑक्टोबरात गेले होते. करारातून जाणाऱ्याला शिकवणीची फी नसते. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, ते राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, पण करारावर आलेल्यांना ते माफ आहे. व्हिसासाठी मात्र राहण्याजेवण्याचे पैसे आधीच बंद खात्यात टाकून दाखवावे लागतात. आता तो आकडा महिन्याला ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे ५,९५२, म्हणजे सहा लाखांच्या घरात. वडिलांना हे नीट समजावून सांग: हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, दर महिन्याला तुलाच परत मिळतात, भाड्याला आणि जेवणाला. स्कॉलरशिप तेवढ्या रकमेची असेल तर तिचं पत्र चालतं, खातं लागत नाही. म्हणून आधी स्कॉलरशिपचा अर्ज कर, मग बँकेत जा.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बंद खात्यातला पहिला हप्ता हातात यायला तिकडचं बँक खातं लागतं, आणि खोली मिळाली की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. हे होईपर्यंत दिवस जातात. माझ्याकडे दोनशे युरो होते आणि वसतिगृहाने किल्ली देण्याआधी डिपॉझिट मागितलं. दहा दिवस एका केरळच्या मुलीकडून उसने घेऊन काढले. तू पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि खाण्याचे पैसे वेगळे घेऊनच निघ.

आता अभ्यास. मी हौसेने चार सेमिनार घेतले. तिथे प्रत्येक सेमिनारला वर्गात एक सादरीकरण आणि शेवटी पंधरा-वीस पानांचा निबंध असतो. वर्ग फेब्रुवारीत संपतात, निबंध मार्चअखेर द्यायचे. तोवर इकडे माझं चौथं सेमिस्टर सुरू होऊन दोन महिने झाले होते. तू दोनच सेमिनार घे, जोडीला एक व्याख्यानमाला आणि भाषेचा वर्ग.

पण तो निबंध लिहिणं हेच मी तिथून आणलेलं सगळ्यात मोलाचं. माझ्या पहिल्या मसुद्यात 'असे मानले जाते' असं एक वाक्य होतं. बाईंनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढून समासात एकच शब्द लिहिला: कोण? बाकी पानावर काही नाही. त्या एका शब्दासाठी मी तीन दिवस ग्रंथालयात बसले, आणि तसं मानणारा एकच जण निघाला, बाकीच्यांनी त्याचंच उतरवून घेतलं होतं. पाच वर्षं इतिहास शिकले, पण हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता.

कागदपत्रं_बघणारा:
मुक्ता, मी महाविद्यालयात शिकवतो, परदेशी जाणाऱ्या मुलांची कागदपत्रं माझ्याकडे असतात. ताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे. मी फक्त क्रेडिटबद्दल लिहितो, कारण मुलांचं वर्ष वाया जातं ते इथे.

तिकडे पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट), आपल्याकडे एमएचं सेमिस्टर २२ क्रेडिटचं. त्यांचं एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या कामाचं असतं, त्यात घरचं वाचन धरलेलं असतं. तुझा कुठला पेपर त्यांच्या कुठल्या विषयाऐवजी धरायचा, हे निघायच्या आधी विभागप्रमुखांच्या सहीने आणि परीक्षा विभागाच्या शिक्क्याने लेखी घे. 'आल्यावर बघू' असं कुणी म्हणालं तर तिथून उठू नकोस. आणि त्याच पत्रात गुणांचं रूपांतर कसं करायचं तेही लिहून घे. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आमच्या एका विद्यार्थिनीला १.३ मिळाले होते, अतिशय चांगले. गुणपत्रिका भरणाऱ्याने ते १० पैकी समजून तिला नापास दाखवलं. दुरुस्ती व्हायला सात महिने लागले, तोवर तिचा पीएचडी प्रवेशाचा अर्ज हुकला. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

सेमिस्टर हिवाळीच घे. ऑक्टोबरात गेलीस की तुझं तिसरं सेमिस्टर सरळ त्याच्या जागी बसतं. एप्रिलात गेलीस तर इकडची दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा बुडते आणि जुलैत तिसरं सुरू होतं तेव्हा तू तिकडेच असतेस. एका सेमिस्टरसाठी दोन अडचणीत येतात.

माणदेशी_मुक्ता:
सर, ताई, मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलंय. एकच अडचण सांगते. ऑक्टोबरात पट्टणकोडोलीची बिरदेवाची यात्रा असते, तिथे मला ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. एप्रिल धरला तर चैत्रातली खरसुंडीची यात्रा जाते. कुठलीतरी एक जाणारच, हे कळतंय. आणि जर्मनचं?

नेकरकाठची:
जर्मन ए२ वर इतिहासाच्या जर्मन सेमिनारला बसलीस तर ऐकण्यातच सगळी शक्ती जाईल. पण तुला तिथे जायचंच नाहीये. तू तिथल्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेचे वर्ग घे. १९६२ पासूनची संस्था आहे, आता बेर्गहाइम भागात आशिया अभ्यासकेंद्राच्या इमारतीत असते, आणि तिथे इंग्रजीतून पुष्कळ शिकवतात. सोन्थायमर १९९२ साली गेले. त्यांना पाहिलेली माणसं आता तिथे थोडी, पण ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटं आहेत. परक्या गावात, बाहेर बर्फ पडत असताना, कपाटात देवनागरी दिसली आणि मी तिथेच उभी राहिले होते.

वेळापत्रकात '१० सी.टी.' असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे वर्ग सव्वादहाला. वर्ग संपला की सगळे बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात, त्या टाळ्या समजायच्या.

यात्रेचं म्हणशील तर खरसुंडी सोडू नकोस. या चैत्रात जा, ओव्या म्हणणाऱ्यांची नावं, गावं, कोणाकडून शिकले ते सगळं विचारून लिहून घे, आणि ते रेकॉर्डिंग बरोबर घेऊन जा. तुझा निबंध त्याच्यावरच होईल.

माणदेशी_मुक्ता:
खरसुंडीत माझ्या आजोळचे एक आजोबा ओव्या म्हणतात. त्यांना आजच फोन करते. आणि सोमवारी सिलॅबसची प्रत घेऊन विभागप्रमुखांकडे.