श्रीलंकेत शांतिसेना पाठवणे चूक होते का?

वाटसरू:
दुसऱ्या देशाच्या अंतर्गत संघर्षात सैन्य उतरवावे का, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे १९७१ चा दाखला हमखास दिला जातो. १९८७ चे नाव मात्र सहसा कोणी काढत नाही. २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि त्यानुसार आपली शांतिसेना श्रीलंकेच्या उत्तरेकडील तमिळबहुल जाफन्यात गेली. माझा आक्षेप जवानांच्या कामगिरीवर नसून त्या करारावर आहे, कारण स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या ज्या तमिळ वाघांनी (एल.टी.टी.ई.) शस्त्रे खाली ठेवायची होती, त्यांची त्यावर सहीच नव्हती. थोडीफार शस्त्रे जमा झाली आणि ऑक्टोबरमध्ये, ज्यांना आपणच आपल्या भूमीवर प्रशिक्षण दिले होते, त्यांच्याशीच लढाई जुंपली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीत ३० जवान होते. वाघ दबा धरून बसले होते आणि गोळीबारामुळे पुढची कुमक उतरूच शकली नाही. त्या जवानांपैकी २९ जण मारले गेले आणि एक कैद झाला. मार्च १९९० मध्ये सैन्य परतले, तोवर सुमारे १,२०० जवान गमावले होते. शांतता राखायला गेलेला माणूस भांडणातला तिसरा पक्ष होऊन बसतो, याचे याहून ठळक उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

सागरवेध:
निष्कर्ष निकालावरून काढला आहे, त्या वेळच्या परिस्थितीवरून नाही. जुलै १९८३ च्या श्रीलंकेतल्या तमिळविरोधी दंगलींनंतर निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत येत होते आणि १९८७ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याजवळच्या वडमराच्ची भागात वाघांविरुद्ध मोठी मोहीम उघडली होती. अशा वेळी दिल्लीने हातावर हात ठेवून बसायचे, तर चेन्नईत उत्तर कोणी द्यायचे? शिवाय सैन्य गेले ते तिथल्या निर्वाचित सरकारच्या संमतीने गेले, ते आक्रमण नव्हते. कराराला जोडलेल्या पत्रांमध्ये त्रिंकोमालीसह कोणतेही बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा लष्करी वापरासाठी दुसऱ्या देशाला मिळणार नाही, असे जयवर्धने यांच्याकडून लिहून घेतले होते. प्रांतिक परिषदा देणारी तेरावी घटनादुरुस्तीही याच कराराची देन आहे. हे सगळे वजा करून केवळ जाफन्याचा हिशेब मांडणे मला पटत नाही.

वाटसरू:
संमती कशी मिळाली तेही सांगायला हवे. ३ जूनला मदतसामग्री घेऊन निघालेल्या आपल्या बोटी श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवल्या आणि दुसऱ्याच दिवशी मिराज विमानांच्या पहाऱ्यात पाच ए.एन.-३२ विमानांनी जाफन्यावर रसद टाकली. याला निमंत्रण म्हणायचे की दटावणी, हे ज्याचे त्याने ठरवावे. सह्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता राजीव गांधींवर उगारला, त्यावरून तिथले वातावरण काय होते ते कळते. पुढे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी १९८९ मध्ये सैन्य मागे घ्यायला सांगितले आणि त्याच वाघांना शस्त्रेही पुरवली.

धोपटमार्ग:
तुम्ही दोघेही मालदीव विसरलात. नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री सैनिकांनी राजधानी मालेवर हल्ला केला, अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले छत्रीधारी सैनिक हुलहुले विमानतळावर उतरले. पळून जाणारे हल्लेखोर समुद्रात पकडले गेले. विनंती स्पष्ट होती, काम एकच होते आणि ते संपल्यावर सैन्य परत आले. हस्तक्षेप मुळातच वाईट, असे म्हणता येत नाही.

सागरवेध:
ही तुलना मला मान्य नाही, आणि ती माझ्या बाजूची आहे तरीही. मालेत मूठभर बाहेरचे हल्लेखोर होते. जाफन्यात घराघरात पाठीराखे असलेली संघटना होती.

रानवाट:
दोन गोष्टी या चर्चेत आलेल्याच नाहीत. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. ज्यांना वाचवायला म्हणून आपण गेलो होतो, त्या तमिळांना शांतिसेना आठवते ती अशी. दुसरी गोष्ट आपल्याकडची. मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वाघांच्या छाप्यात सापडले. छातीत गोळी लागलेली असतानाही ते लढत राहिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तरीही मार्च १९९० मध्ये सैन्य चेन्नईच्या बंदरात उतरले, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. शांतिसेनेतल्या मृत जवानांचे स्मारक कोलंबोजवळ, त्या देशाच्या संसदेच्या परिसरात आहे आणि ते श्रीलंकेने बांधले आहे.

वाटसरू:
त्रिंकोमालीचा मुद्दा मी मान्य करतो. तो खरा लाभ होता. तेराव्या दुरुस्तीचे मात्र कौतुक नको. त्या करारानुसार झालेले उत्तर आणि पूर्व प्रांतांचे एकत्रीकरण श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अवैध ठरवले, आणि १९९० मध्ये बरखास्त झालेल्या परिषदेनंतर उत्तरेत लोकांनी निवडलेली परिषद यायला २०१३ उजाडले. सागरवेध यांना माझा एकच प्रश्न आहे: सैन्य नेमके काय साधल्यावर परतणार, हे त्या करारात कुठे लिहिले होते?