सल्ला हवा: एचआरसीटीत (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) गाठी, जीनएक्सपर्ट (टीबीची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह. पुढची तपासणी कोणती?

सायली_नाशिक: आईचं वय ६३, वजन ४२ किलो. खोकला जवळपास कोरडा. एचआरसीटीत मिडल लोब आणि लिंग्युलात (फुफ्फुसांचे भाग) ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), भोवती बारीक गाठी; पोकळी नाही. मुश्किलीने मिळालेल्या एका नमुन्यात एएफबी (सूक्ष्मदर्शकात दिसणारे टीबीच्या जातीचे जंतू) १+, पण जीनएक्सपर्टमध्ये टीबी नाही. डॉक्टरांना एनटीएमचा (टीबीच्या जातीचे, पण टीबी नसलेले जंतू) संशय आहे. तपासण्यांसाठी १५ हजारांपर्यंत जमेल.

देवगिरी: आधी पेट-सीटी करून कॅन्सरची शंका मिटवा. खर्च वाढला तर वाढू दे.

कल्चरप्लेट: पेटने शंका मिटणार नाही, ग्रॅन्युलोमाही (कॅन्सर नसलेली दाहाची गाठ) त्यात चमकतो. बेडक्याचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी कल्चरला द्या. किमान आठवड्याच्या अंतराने दोन नमुन्यांत एकच प्रजाती उगवली तर निदानाला आधार मिळतो. नमुना सकाळचा हवा, लाळ नको. आधी चूळ निर्जंतुक पाण्याने भरा. नळाच्या पाण्यातले गॉर्डोनी जंतू उगवले की रिपोर्ट फसवा येतो.

मुळाकाठ: एवढं कशाला? एकेटी-४ (टीबीच्या चार औषधांचा संच) सुरू करून बघा, सगळीकडे तेच करतात.

औषधीताई: म्हणूनच पेशंट महिनोन्‌महिने भरकटतात! मॅकवर (एनटीएमचा एक गट) एकेटीतल्या आयसोनियाझिड, पायराझिनामाइडचा उपयोग नाही. ॲब्सेसस (दुसरा एक एनटीएम) असेल तर एकेटीतलं एकही औषध चालत नाही. आणि खोकल्यासाठी कोणी नुसतं अझिथ्रोमायसिन लिहून दिलं तर अजिबात घेऊ नका. एकट्याने दिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि मुख्य औषधच हातचं जातं. मॅक ठरलं, पोकळी नसली तर सहसा आठवड्यातून तीनदा अझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ, इथॅम्ब्युटॉल किलोमागे २५ मिग्रॅ आणि रिफॅम्पिसिन. कल्चर निगेटिव्ह झाल्यावर पुढे १२ महिने. इथॅम्ब्युटॉलआधी नजर आणि रंगदृष्टी तपासून घ्या. ईसीजीही काढा, अझिथ्रोने क्यूटी (ईसीजीतला एक कालावधी) लांबतो.

कोकणकडा: तीन नमुने हेच बरोबर. बेडका सुटत नसेल तर ३ टक्के सलाइनचं नेब्युलायझेशन द्या, ब्रॉन्कोस्कोपीचा (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) खर्च वाचेल. लॅबवाले मात्र ‘एनटीएम आढळले’ एवढंच लिहून मोकळे होतात! प्रजाती मागाच. मॅक असेल तर क्लॅरिथ्रोमायसिनची (अझिथ्रोच्याच गटातलं औषध) एमआयसीही (जंतूंची वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण) मागा. ३२ किंवा जास्त म्हणजे रेझिस्टंट. ॲब्सेसससाठी ही चाचणी १४ दिवस ठेवावी लागते, लवकर वाचली तर लपलेला रेझिस्टन्स सुटतो.

कल्चरप्लेट: आणि प्रजाती कळल्यावरही औषध लगेच सुरू करायलाच हवं असं नाही. लक्षणं सौम्य असतील तर काही जणांना नुसतं देखरेखीखाली ठेवतात. एएफबी पॉझिटिव्ह आल्यामुळे हा निर्णय छातीच्या डॉक्टरांनीच घ्यावा.

देवगिरी: तरी कॅन्सर बघाच.

सायली_नाशिक: सर्वांचे आभार. सलाइनने आईला धाप लागली, डॉक्टरांनी ते थांबवलंय. म्हणून आम्ही ब्रॉन्कोस्कोपीच करतोय. लव्हाजचं (ब्रॉन्कोस्कोपीत फुफ्फुस धुऊन घेतलेलं पाणी) एक कल्चर पॉझिटिव्ह आलं तरी निदानाला पुरतं. बजेट ओलांडेल, पण नमुन्यांच्या फेऱ्या वाचतील. स्कोप शेवटी निर्जंतुक पाण्यानेच धुतात ना, नळाच्या नाही, हे आधीच विचारून घेतलंय. प्रजाती आणि एमआयसी दोन्ही फॉर्मवर लिहून घेणार.