घरगुती कार्यशाळेसाठी टॅप आणि डाय: पूर्ण संच घ्यावा की सुटी मापे?

धातुछंद, सातारा

नमस्कार. घरामागच्या खोलीत मी लहानशी कार्यशाळा उभी केली असून तेथे बेंच ड्रिल, व्हाइस आणि एक जुने लेथ आहे. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पट्ट्या, ॲल्युमिनियमचे ठोकळे आणि क्वचित बीड (ओतीव लोखंड) यांत आटे पाडावे लागतात, म्हणजे भोकात आतून टॅपने आणि सळीवर बाहेरून डायने. बहुतेक आटे एम ४ ते एम १० (४ ते १० मिमी व्यास) या मापांतले असतात. ऑनलाइन मिळणाऱ्या चाळीस नगांच्या संचाच्या किमतीत नामांकित कंपनीचे जेमतेम दोन-तीन मापांचे टॅप येतात. संचाच्या पेटीवर केवळ ‘अलॉय स्टील’ असे लिहिलेले आहे. असा संच घ्यावा, की लागेल तसे एकेक माप चांगल्या प्रतीचे घ्यावे? आणि दुकानात प्रत कशी ओळखावी?

जुना टूलरूमवाला, भोसरी

सुटी मापेच घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. एचएसएस (हाय स्पीड स्टील) उष्णता सहन करते म्हणून ते घ्यावे, असे बहुतेक जण सांगतात. परंतु हाताने टॅप फिरवताना एवढी उष्णता निर्माणच होत नाही. खरा फरक आट्यांच्या अचूकपणात असतो. स्वस्त टॅपचे आटे बहुधा आधी कापतात आणि नंतर त्याला तापवून पाणी देतात, त्यामुळे कडक होताना तो किंचित वाकतो आणि पिचही (लगतच्या दोन आट्यांतील अंतर) बिघडते. ग्राउंड टॅपचे आटे मात्र कडक केल्यानंतर ग्राइंडिंगने घडवलेले असतात. म्हणून दुकानात भिंगाखाली आट्यांच्या बाजू पाहाव्यात: त्या गुळगुळीत व एकसारख्या चमकणाऱ्या असाव्यात, धारेवर बर (धातूची खरखरीत कोर) नसावी आणि दांड्यावर माप, पिच, ‘एचएसएस’ व ६एच यांसारखा टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) वर्ग स्पष्ट कोरलेला असावा.

हँड टॅपचे तीन नग एकत्र मिळतात, पण त्यांतही दोन प्रकार आहेत. आयएसओ ५२९ या मानकाच्या प्रकारात तिन्हींचा व्यास पूर्ण असतो आणि फक्त टोकाचा उतार वेगळा असतो. डीआयएन ३५२ या मानकाच्या प्रकारात पहिले दोन मुद्दाम कमी व्यासाचे असतात, त्यामुळे शेवटचा फिरवल्याशिवाय आटे पूर्ण होत नाहीत. दांड्यावर एक वळे म्हणजे पहिला, दोन वळी म्हणजे दुसरा आणि वळे नसलेला तिसरा. हाताने काम करणाऱ्यास हा डीआयएन प्रकार सोयीचा आहे, कारण कापण्याचा भार वाटला जातो. टोटेम आणि नागपूरची एमके ही नावे भारतीय बाजारात सहज मिळतात. मुंबईत जाणे झाल्यास नागदेवी स्ट्रीटवर प्रत्यक्ष हाताळून घ्यावे.

शेतीयंत्र दुरुस्ती, सांगली

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही संच अगदीच निरुपयोगी नाही. गंजलेल्या स्टडचे किंवा नटाचे आटे साफ करण्यासाठी तो उत्तम चालतो. नवे आटे मात्र त्याने पाडू नयेत. षट्‌कोनी डाय नटही साफसफाईसाठीच असतो. नवे आटे पाडायला फट असलेली गोल डाय घ्यावी, म्हणजे हँडलच्या स्क्रूने ती थोडी उघडता-मिटता येते.

आपले लेथ जुने आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून आणखी एक सूचना करतो. त्याचे बोल्ट व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचे) असू शकतात. पाव इंचात व्हिटवर्थ आणि यूएनसी (अमेरिकी इंची आटे) दोन्हींचे इंचाला २० आटे असतात, पण कोन ५५ आणि ६० अंशांचा असल्याने त्यांची नीट जोडी जमत नाही. अर्ध्या इंचात तर आटेच अनुक्रमे १२ आणि १३ असतात. खरेदीपूर्वी पिच गेज (आटे मोजण्याच्या दातेरी पट्ट्या) लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

धातुछंद, सातारा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एचएसएस टॅप ठिसूळ असल्याने लवकर मोडतो असे ऐकले आहे. ते टाळण्यासाठी भोकाचे माप कसे ठरवावे?

जुना टूलरूमवाला, भोसरी

टॅप मोडण्यामागे बहुतेक वेळा लहान भोक किंवा तिरका टॅप असतो. व्यासातून पिच वजा केली की ड्रिलचे माप मिळते: एम ४ साठी ३.३, एम ५ साठी ४.२, एम ६ साठी ५, एम ८ साठी ६.८ आणि एम १० साठी ८.५ मिमी. सुरुवातीला बेंच ड्रिलच्या चकमध्ये टॅप धरून, मोटर बंद ठेवून, चक हाताने फिरवावा, म्हणजे टॅप सरळ बसतो. त्यानंतर हँडल लावावे आणि अर्धा फेरा पुढे नेल्यावर पाव फेरा मागे घेऊन चुरा तोडत जावे. एमएसला कटिंग ऑइल व ॲल्युमिनियमला रॉकेल लावावे. बीड कोरडेच कापावे.

इतके करूनही ॲल्युमिनियममध्ये टॅप मोडलाच, तर तो भाग काचेच्या भांड्यात तुरटीच्या दाट, गरम द्रावणात बुडवून ठेवावा. पोलाद हळूहळू विरघळते आणि ॲल्युमिनियम जवळजवळ तसेच राहते, मात्र यास बराच वेळ लागतो. टॅप घेताना त्याच्या भोकासाठी लागणाऱ्या मापाचे चांगले ड्रिलही घ्यावे, कारण बोथट ड्रिलने भोक मोठे व वाकडे होते आणि मग महागड्या टॅपचाही उपयोग होत नाही.