मदत हवी आहे: वाडीत कावीळ, विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकूनही शेवटच्या नळाला क्लोरीन नाही

नमस्कार मंडळी,

पाणीपुरवठा किंवा आरोग्य खात्यात काम केलेलं कुणी असेल तर कृपया वाचा.

सातारा जिल्ह्यात आमची सत्तरेक घरांची वाडी आहे. गेल्या पंधरा दिवसांत खालच्या आळीत सहा जणांना कावीळ झाली. दोघांच्या रक्तात हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ, निघाला. माझी वहिनी सातव्या महिन्याची गरोदर आहे आणि त्याच आळीत राहते. हा आजार एरवी आपोआप बरा होतो, पण शेवटच्या तिमाहीत आईच्या जिवावर बेततो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. तिला प्यायला, चूळ भरायला, भाजी धुवायलासुद्धा उकळून गार केलेलं पाणीच देतोय.

विहिरीत आजवर टीसीएल अंदाजाने पडायचं, तेही वास येतो म्हणून लोकांनी मध्यंतरी बंद पाडलं होतं. आता जलसुरक्षक (गावचं पाणी शुद्ध करायचं काम बघणारा माणूस) आणि मी मोजून टाकतो. विहिरीचा व्यास ५ मीटर, पाणी ३ मीटर, म्हणजे सुमारे ५९,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने दीडशे ग्रॅम पावडर. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळीच विहिरीत सोडतो, अर्धा तास थांबतो, मगच मोटर चालू.

ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन असला की पिवळा रंग येतो ती चाचणी) विहिरीवर पिवळा रंग येतो. वरच्या आळीतही येतो. खालच्या आळीतल्या शेवटच्या चार नळांना मात्र पाणी पांढरंच राहतं. नेमकी तिथलीच माणसं आजारी आहेत.

मधला पाइप पंचवीस-तीस फूट गटारातून गेलाय आणि त्याचा एक सांधा गळतो. पाणी दिवसाआड, तासभर येतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होताना त्याच फटीतून गटाराचं पाणी आत ओढलं जात असणार, असं मला वाटतं. ग्रामपंचायतीत विचारलं तर ‘निधी नाही, पावडर वाढवा’ एवढंच उत्तर मिळालं. पण आत घाण शिरत असेल तर क्लोरीन तिथेच खर्ची पडणार. डोस वाढवून वरच्या आळीला नुसता वास येईल. माझं काही चुकतंय का?

तेवढा तुकडा गटाराच्या वरून नव्या पाइपने घ्यायचा तर वर्गणी काढायची आमची तयारी आहे. पाइप कुठला घ्यावा, नंतर जुनी लाइन किती क्लोरीनने आणि किती वेळ भरून ठेवून धुवावी, हे कुणी केलं असेल तर सांगा.

दुसरं, नमुना विहिरीचा नेतात आणि तो चांगला येतो. शेवटच्या नळाचा, पाणी सुटल्या सुटल्या घेतलेला नमुना जिल्हा प्रयोगशाळेत द्यायला कुणाकडे लेखी मागणी करायची? लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते १० आठवडे जातात, म्हणजे आणखी किती जणांच्या पोटात हे आधीच गेलंय कोण जाणे.

आणि काही घरं दवाखाना सोडून काविळीची माळ घालायला जातायत. त्यात आणखी एक गरोदर मुलगी आहे. तिच्या सासूबाईंना न दुखावता कसं समजवावं, हेही सुचवा. त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत आणि माझं ऐकत नाहीत.

उद्या पाणी सुटायच्या आत काही कळलं तर बरं होईल.