मेम्फिस ला ब्लुसेरा: स्पॅनिशमधला ब्लूज अस्सल की उसना?

सांजधून
आर्जेंटिनाचं संगीत म्हटलं की आपल्याकडे गाडी टँगोपुढे सरकत नाही, म्हणून हा धागा. मेम्फिस ला ब्लुसेरा हा बँड १९७८ साली ब्वेनोस आइरेसमध्ये उभा राहिला. लष्करी राजवटीचे दिवस होते ते. बेस गिटारवर दानिएल बेइसेरमान, सॅक्सोफोनवर एमिलियो विशानुएवा आणि या सगळ्यावर आद्रियान ओतेरोचा घोगरा, रात्रभर जागल्यासारखा आवाज. ओतेरो २००८ मध्ये बाहेर पडला, म्हणजे जवळपास तीस वर्षांची वाटचाल. माझं म्हणणं सरळ आहे: या लोकांनी ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याची, नक्कल केली नाही, ब्लूज आपल्या शहरात राहायला आणला. त्यांचं एक गाजलेलं गाणं मोस्कातो, पिझ्झा आणि फाइना यांवर आहे. मोस्कातो म्हणजे गोड वाइन आणि फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडं. तिथल्या साध्या पिझ्झेरियात हे तिन्ही एकत्र मिळतं. ब्लूजचं माहेर असलेल्या मिसिसिपीच्या कुठल्या गायकाला हे सुचलं असतं?

काळी पाच
नाही पटलं. बँडच्या नावातच अमेरिकेतलं शहर आहे! ब्लूज कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांच्या पोटातून आला. ब्वेनोस आइरेसच्या पोरांनी तो तबकड्यांवरून उचलला. बारा बारांचा (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा) साचा शिकता येतो, ती वेदना कशी शिकणार? २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत अमेरिकेतला ब्लूज गिटारवादक बडी गाय याला ऐकलं, तेव्हा त्यानं एकच सूर ताणला आणि अंगावर काटा आला. ओतेरो ऐकताना मला गाणं आवडतं, पण काटा येत नाही.

गिरणीचा भोंगा
काळी पाच, तुम्ही मानाल हा बँड ऐकलाय का? मेम्फिसच्या आधीचं त्रिकूट: हाविएर मार्तीनेस, क्लाउदियो गाबिस, आलेहांद्रो मेदिना. त्यांचा पहिला अल्बम १९७० चा. त्यात आवेशानेदावर एक ब्लूज आहे. रियाचुएलो नदीच्या दक्षिणेचा हा कारखान्यांचा भाग. गाण्यात वापरात नसलेला रूळ आहे, मालगाडी आहे, धूर आणि काजळी आहे. मी परळच्या चाळीत वाढलो. स्पॅनिशचं अक्षर येत नसताना ते गाणं मला कळलं, अर्थ नंतर शोधला. वेदना शिकावी लागत नाही हो, जिथं माणूस राबतो तिथं ती असतेच. मेम्फिस याच रुळावरून पुढे गेला.

काळी पाच
मानाल ऐकलाय आणि मानतोही. पण मग मेम्फिसला एवढं डोक्यावर का घ्यायचं? १९८२ च्या माल्विनास (फॉकलंड) बेटांवरून ब्रिटनशी झालेल्या युद्धात तिथल्या रेडिओवरून इंग्रजी गाणी हटवली गेली आणि स्पॅनिश रॉकला आयतं मैदान मिळालं. त्या लाटेवर बरेच जण तरले.

सांजधून
लाट आली हे खरं. पण मानाल त्याच्या बारा वर्षं आधीचा आणि मेम्फिस चार वर्षं आधीचा. मैदान रिकामं होण्याची वाट बघत हे बसले नव्हते. आणि भाषेची अडचण बघा. इंग्रजीत एका अक्षराच्या शब्दावर ओळ ठोकून संपवता येते. स्पॅनिशमधल्या बहुतेक शब्दांचा जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, त्यामुळे ओळीचं शेपूट मऊ पडतं. ओतेरो ते शेपूट अर्धवट गिळतो, बोलल्यासारखा सोडून देतो आणि उरलेली जागा सॅक्सोफोन भरतो. हे अमेरिकेतून आणलेलं नाही, घरी घडवलेलं आहे.

मिंड
मधेच बोलतो. गझल मराठीत आली तेव्हाही ‘ही गझलच नव्हे’ म्हणणारे होते. सुरेश भटांनंतर तो प्रश्न विचारायचं आपण जवळजवळ सोडून दिलं.

काळी पाच
गझलेची तुलना अर्धीच लागू पडते. गझल दरबारातून, मैफलीतून आली. ब्लूज गुलामगिरीच्या आठवणीतून आला. ज्यांचं ते दुःख, त्यांचा हक्क आधी, एवढंच माझं म्हणणं. सॅक्सोफोनचा मुद्दा मात्र मान्य. पण नव्वदच्या दशकात मेम्फिसचं ‘ला बिफुरकादा’ हे गाणं गाजल्यावर सगळं गुळगुळीत होत गेलं असं मला वाटतं. त्यापेक्षा पाप्पो परवडला. ब्वेनोस आइरेसच्या ला पातेर्नाल वस्तीतला माणूस, मोटारींची इंजिनं खोलणारा, आणि गिटारही तशीच वाजवणारा. त्याला अमेरिकेतला ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग यानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सोबत वाजवायला बोलावलं होतं.

गिरणीचा भोंगा
पाप्पोबद्दल वाद नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये लुहानजवळ मोटारसायकलच्या अपघातात तो गेला, तेव्हा तिथल्या ब्लूजचा कणा मोडला. पण तुम्ही पाप्पोला मान्यता देताय ती किंगच्या बोलावण्यावरून. तेच मला खटकतं. ज्याला न्यूयॉर्कहून बोलावणं आलं नाही, तो कमी अस्सल का? ‘ला बिफुरकादा’ लोकांनी उचललं, कारण ते त्यांच्या बोलीत होतं.

काळी पाच
हे लागलं. किंगचं नाव मी पुरावा म्हणून पुढे केलं, ते चुकलंच. तरी गुळगुळीतपणाचं मत कायम ठेवतो. एक विचारतो: २००८ नंतर ओतेरोशिवाय ते नाव कुणी लावलं, तर तुम्ही त्याला मेम्फिस म्हणाल?

सांजधून
नाही म्हणणार. बेइसेरमानचा बेस हा त्या बँडचा पाया आहे आणि नावावर त्याचा हक्क मी नाकारत नाही. पण मी ज्याला मेम्फिस म्हणतो, तो त्या घशातून यायचा. जून २०१२ मध्ये कोर्दोबा प्रांतात रस्त्यावरच्या अपघातात ओतेरो गेला. ती बातमी वाचली त्या रात्री मी फाइनावालं गाणं लावलं होतं. ते हसतखेळत म्हणायचं गाणं आहे, आणि मला ते पुरं ऐकवलं नाही. काळी पाच, तुम्ही त्याचं एखादं मैफलीतलं ध्वनिमुद्रण ऐका, स्टुडिओतलं नको. मग काट्याचं काय झालं ते इथं लिहा.