मदत हवी आहे : टीव्हीवरचं निवेदन सोडल्यानंतर पुढे काय?

नमस्कार मंडळी. माझ्या आत्याने आयुष्यभर टीव्हीवर मुलाखती घेतल्या. यंदा तिने स्वतःहून काम थांबवलं. पैशाची चणचण नाही, पण घर तिला खायला उठतं.

तबस्सुम यांचा दूरदर्शनवरचा मुलाखतींचा कार्यक्रम ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ ते १९९३ चालला आणि पुढे उतारवयात त्यांनी ‘तबस्सुम टॉकीज’ हे यूट्यूब चॅनल काढलं, हे मी तिला सांगून पाहिलं. तिला मात्र पुन्हा कॅमेरा नकोच आहे, आणि मला ते पटतं.

आवाज अजून खणखणीत आहे. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याचं काम इथे कुणी केलंय का? आवाजाची चाचणी घेतात का? घरून रेकॉर्डिंग चालतं का?

शिवाय तिच्या जुन्या कार्यक्रमांच्या व्हीएचएस कॅसेट आहेत. काहींवर बुरशी दिसते, म्हणून मी त्या व्हीसीआरमध्ये घालू दिल्या नाहीत (बुरशी व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या हेडला लागली की चांगल्या टेपही खराब होतात). पुण्या-मुंबईत त्या साफ करून डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी आहे का?

तुमच्यापैकी कुणी निवृत्त निवेदक असाल, तर पहिलं वर्ष कसं काढलंत तेही कृपया लिहा. मी तिला वाचून दाखवेन.